लहान मुलांच्या हाती सुरी : आधी दुसरा हात शिकवा

प्रश्न थोडक्यात असा : मुलगी साडेचार वर्षांची आहे. आई भाजी चिरायला बसली की शेजारी येऊन बसते आणि 'मला पण दे' म्हणून हट्ट धरते. खेळण्यातली प्लॅस्टिकची सुरी आणून दिली, तिनं काहीच चिरलं जात नाही म्हणून दोन दिवसांत ती बाजूला पडली. सासूबाई म्हणतात, हात कापून घेईल, मोठी झाली की शिकेल आपोआप. नवऱ्याचं म्हणणं, द्यायला काय हरकत आहे? घरात विळी रोजच्या वापरात आहे. मग सुरी कधी द्यावी, कोणती द्यावी, शिकवावं कसं, आणि विळीचं काय करावं?

माझं उत्तर : आत्ताच द्या. साडेचार हे त्यासाठी चांगलं वय आहे. बालवाडीतल्या आणि पुढे प्राथमिकच्या मुलांकडून भाजी-फळं चिरून घेण्याचं काम मी कित्येक वर्षं करते आहे, आणि त्यातून एक गोष्ट मला अगदी पक्की कळली आहे. कापलं जातं ते सुरी धरलेल्या हाताला नाही, दुसऱ्या हाताला. उजव्या हातात सुरी असेल तर डाव्या हाताची तर्जनी नाहीतर अंगठा. आपण मोठी माणसं मात्र सगळं लक्ष सुरीवर ठेवतो. सुरी अशी धर, तशी धर, हळू चालव. मुलाचंही लक्ष मग सुरीवरच जातं आणि काकडी धरणारी बोटं कुठे आहेत हे कुणीच बघत नाही. म्हणून शिकवण्याचा क्रम उलटा लावायचा. आधी धरणारा हात, मग सुरी.

मुलगी तयार आहे का, हे वाढदिवसावरून ठरवू नका. तीन गोष्टी बघा. 'थांब' म्हटल्यावर ती हातातलं काम लगेच थांबवते का? आठ-दहा मिनिटं एका जागी बसून एकच काम करते का? आणि तिचे दोन हात एकाच वेळी दोन वेगळी कामं करतात का, म्हणजे एका हातानं बाटली धरून दुसऱ्यानं झाकण फिरवणं, एका हातात दोरा आणि दुसऱ्यात मणी? ही तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण चिरणं म्हणजे नेमकं हेच. एक हात घट्ट स्थिर, दुसरा चालता. काही मुलांना हे तीन वर्षांचं असतानाच जमतं, काहींना साडेपाचला. न जमणाऱ्या मुलाला कमी समजू नये, त्याला फक्त आधीची कामं जास्त दिवस द्यावीत.

आधीची कामं म्हणजे काय, तर आपल्या स्वयंपाकघरात ती रोज पडलेलीच असतात. मटार सोलणं, गवारीची देठं मोडून शिरा काढणं, मेथी-कोथिंबीर निवडणं, उकडलेल्या बटाट्याची सालं काढणं. या प्रत्येकात एक हात धरतो आणि दुसरा करतो. आठवडाभर रोज थोडं असं काम द्या आणि बोलताना धरणाऱ्या हाताबद्दल बोला. 'हा हात काय करतोय? धरून ठेवतोय. छान धरलंय.' मग कणकेचा लांब वळलेला गोळा पोळपाटावर ठेवून लोणी लावायच्या बोथट सुरीनं त्याचे तुकडे करू द्या. कणीक घसरत नाही, लोळत नाही, चुकलं तर परत मळता येते. इथे पहिल्यांदा 'कमान' शिकवायची.

कमान अशी : अंगठा काकडीच्या एका बाजूला, बाकीची बोटं दुसऱ्या बाजूला, तळहात वर उचललेला. मधे जी पोकळी राहते तिच्याखालून सुरी जाते. बोटं पात्याच्या वाटेत येतच नाहीत, कारण ती दोन्ही बाजूंना उभी आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मला याहून चांगली पकड सापडलेली नाही. मुलांना सांगताना मी 'पूल बांध, खालून गाडी जाऊ दे' एवढंच म्हणते. पहिल्या दिवशी पूल खचतो, हात सपाट होतो. अशा वेळी सुरी खाली ठेवायला सांगायची, पूल पुन्हा बांधायचा, मग सुरी उचलायची. सुरी हातात असताना दुसऱ्या हाताची दुरुस्ती करायची नाही.

कमानीनंतर 'पंजा'. बोटांची टोकं आत वळवायची, नखं दिसेनाशी करायची, आणि पातं बोटांच्या मधल्या सांध्यांना टेकून खाली जाऊ द्यायचं. हॉटेलातले स्वयंपाकी असंच चिरतात, आणि जपानमध्ये मुलांना हीच पकड 'मांजराचा हात' म्हणून शिकवतात. मी सहा-सात वर्षांच्या आधी ती शिकवत नाही. त्याआधी बोटं आखूड असतात, वळवून दाब देण्याएवढी ताकद त्यांच्यात नसते, आणि मूल दोन तुकडे झाले की नकळत बोटं सरळ करतं. पंजात घात करतो तो अंगठा. चार बोटं नीट आत असतात आणि अंगठा बाजूनं बाहेर डोकावतो. म्हणून 'अंगठा घरात' हे दोन शब्द मुलांच्या तोंडी बसवा. काही दिवसांनी तीच एकमेकांना आठवण करून देतात.

याला जोडूनच एक नियम, जो मी कधीच सैल करत नाही : शेवटचं टोक चिरायचं नाही. काकडी, गाजर, केळं काहीही असो, दोन बोटं रुंद तुकडा उरला की काम संपलं. उरलेलं टोक चिरणाऱ्यानं खायचं. तुकडा छोटा होत जातो तसा धरणारा हात पात्याजवळ सरकत येतो, आणि तेवढ्यात मूल 'झालंच आता' म्हणून घाई करतं. बहुतेक वेळा बोट सापडतं ते इथे. खाऊ म्हणून टोक मिळतं म्हटल्यावर कुणालाही ते चिरायची हौस राहत नाही.

आता सुरीकडे येऊ. खेळण्यातली सुरी तुमच्या मुलीनं टाकून दिली, यात तिचं बरोबर आहे. न चिरणारी सुरी मुलाला फक्त एकच गोष्ट शिकवते : जोर लाव. मग खरी सुरी हातात आल्यावरही ते जोर लावतं. बोथट सुरीचा धोका हाच की ती टोमॅटोच्या सालीवर अडते, हात दाब वाढवतो, आणि ती घसरते ती पूर्ण जोरानिशी. म्हणून सुरी चिरणारी हवी, पण छोटी. पातं साधारण आठ ते दहा सेंटिमीटर, टोक गोल, मूठ तिच्या हातात पुरती बसणारी. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात स्वस्तातली दातेरी सुरी सगळीकडे मिळते. ती टोमॅटोला चांगली, पण बहुतेक वेळा तिचं टोक अणकुचीदार असतं, तेव्हा गोल टोकाची शोधून घ्या. केळं, पनीर, उकडलेला बटाटा यांसाठी लोण्याची सुरी पुरते. वरून मूठ असलेली नागमोडी पात्याची सुरी, जिनं आपण वेफर्स कापतो, तीही सुरुवातीला उत्तम, कारण तिच्यावर दोन्ही हात वर ठेवून दाबता येतं. मग कापलं जाण्याजोगा हात खाली उरतच नाही.

छोट्या मुलांना सुरीची धार कुठली आणि पाठ कुठली हे पटकन कळत नाही. लोण्याच्या सुरीत तर मोठ्यांचाही गोंधळ होतो. मुठीवर, पाठीच्या बाजूला, नेलपॉलिशचा एक ठिपका लावा. ठिपका आभाळाकडे असला की सुरी बरोबर धरली. मुलगी दर वेळी सुरी उचलल्यावर आधी ठिपका बघेल, आणि त्या क्षणभराच्या थांबण्यानं हातही शांत होतो. तर्जनी पात्याच्या पाठीवर ताणून ठेवायला शिकवू नका. सगळी बोटं मुठीभोवती, एवढं सध्या पुरे.

बसायची जागा हा विषय लोक सोडूनच देतात. ओटा मुलांसाठी फार उंच असतो. स्टुलावर उभं करून ओट्यापाशी चिरायला दिलं तर मुलाचं निम्मं लक्ष तोल सांभाळण्यात जातं, शिवाय शेजारी गॅस असतो. जमिनीवर मांडी घालून पाट समोर ठेवला तर ते वाकतं आणि चेहरा सुरीजवळ येतो. सगळ्यांत चांगलं म्हणजे मुलाच्या कमरेच्या थोडं वर येईल असं बुटकं टेबल आणि मूल उभं. तसं टेबल नसेल तर जमिनीवर बसवून समोर चौरंग ठेवा, त्यावर चिरायची लाकडी फळी. फळीखाली ओलं करून पिळलेलं फडकं हवंच. प्लॅस्टिकची फळी गुळगुळीत चौरंगावर सरकते, आणि फळी सरकली की हाताची सगळी शिस्त वाया. हे फडकं घालण्याचं काम मुलीलाच द्या. काम सुरू झालं याची तिला तीच खूण होते.

तुम्ही तिच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलात तर तिला सगळं उलटं दिसतं. धरणाऱ्या हाताच्या बाजूला बसलात तर तुमची नजर नेमकी जिथे हवी तिथेच राहते. पहिल्यांदा दाखवताना बोलू नका. हे मॉन्टेसरी पद्धतीत फार काटेकोरपणे पाळतात आणि मला ते पूर्ण पटतं : हात बघ आणि माझं ऐक, अशी दोन्ही कामं चार वर्षांच्या मुलाला एकदम होत नाहीत. केळं अर्धं सोललेलं ठेवा, पूल बांधा, सुरी खाली न्या, तुकडा बाजूला सारा. तीन तुकडे, अगदी सावकाश. मग 'आता तू.' तिच्या हातावर हात ठेवून चिरू नका. दोन माणसांचा जोर एका पात्यावर आला की तो किती हे दोघांनाही कळत नाही.

'सांभाळून', 'जपून', 'हात कापेल हं' हे तर बोलूच नका. या शब्दांतून मुलाला काय करायचं ते कळत नाही, फक्त भीती कळते. त्याऐवजी हातानं काय करायचं ते सांगा : 'बोटं उभी', 'अंगठा घरात', 'सुरी खाली'. आणि ओरडू नका. तुम्ही ओरडलात की मूल मान वर करून तुमच्याकडे बघतं, आणि खाली सुरी चालूच असते. यावरून मी वर्गात एक नियम करून ठेवला आहे : नजर उचलली की सुरी खाली. बोलायचंय, हसायचंय, दारावर कोण आलंय ते बघायचंय, सगळं चालेल, पण आधी सुरी फळीवर, धार पलीकडे करून. घरी हा नियम तुम्हीही पाळायचा. चिरता चिरता मान वळवून टीव्ही बघणाऱ्या आईकडून मूल तेच उचलतं.

सुरी हातातून हातात द्यायची नाही. मीठ-मिरची हातात देऊ नये असं आपण म्हणतोच, सुरीही त्यात घाला. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. सुरी पडली तर धरायला जायचं नाही, हात वर आणि पाय मागे. हे एकदा लाकडी उलथनं मुद्दाम पाडून खेळातल्या खेळात करून घ्या, कारण पडणारी वस्तू झेलायची सवय मुलांच्या अंगात असते आणि नुसत्या सांगण्यानं ती मोडत नाही. आणि वापरलेली सुरी बेसिनमधल्या भांड्यांत टाकायची नाही. फेसाच्या पाण्यात ती दिसत नाही, आणि तिथे बोट कापतं ते सहसा मोठ्या माणसाचं.

काय चिरायला द्यायचं? सुरुवात केळ्यानं. मग उकडलेला बटाटा, पनीर, पिकलेली पपई. मग काकडी, पण तुम्ही आधी उभी दुभागून. गोल वस्तू मुलाला कधीही गोल असताना चिरायला देऊ नका. काकडी, गाजर, टोमॅटो, कांदा, काहीही असो, आधी मोठ्यांनी त्याचे दोन भाग करायचे आणि सपाट बाजू खाली करून द्यायची. लोळणारी वस्तू धरताना हात घाबरून आवळला जातो, पूल मोडतो. हे एवढं एक केलंत तरी निम्मा धोका गेला असं समजा. काकडीला मुलं वरून दाबतात, तिथे 'दाबू नको, सरकव' हे शिकवायचं : सुरी पुढे जाते आणि जाताजाता खाली उतरते. आवाजावरूनही कळतं. दाबलेली काकडी 'कट्' करते, सरकवलेली सर्रकन चिरली जाते. मुलांना हा आवाज ऐकायला फार आवडतं आणि आवाजाच्या नादानं हात आपोआप हळू होतो.

पाच-सहाला फरसबी आणि भेंडी. भेंडी धुऊन पुसून पूर्ण कोरडी झाल्यावरच द्या, एरवीही आपण तशीच चिरतो. टोमॅटोला दातेरी सुरी, सपाट बाजू खाली. कांदा सात-आठच्या आधी नको. पाकळ्या एकमेकींवरून घसरतात आणि डोळ्यांत पाणी आलं की मूल सुरीच्या हातानं डोळे पुसायला जातं. कच्चं गाजर आणि कच्चा बटाटा कडक असतात, त्यांना जोर लागतो, म्हणून तेही आठच्या पुढे. सुरण, लाल भोपळा, कोय धरलेली कैरी, नारळ ही मोठ्यांचीच कामं राहू द्यात. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते : किसणीला लोक सुरीपेक्षा निर्धोक समजतात आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हाती गाजर-किसणी देतात. माझ्या अनुभवात बोटांच्या सांध्यांची सालपटं जास्त निघाली ती किसणीवर. तिथेही तोच नियम लावा, शेवटचं टोक किसायचं नाही.

मुलगी डावखुरी असेल तर सुरी डाव्या हातातच द्या आणि तुम्ही तिच्या उजवीकडे बसा. काही सुऱ्यांच्या पात्याला एकाच बाजूनं धार किंवा दाते काढलेले असतात. त्या उजव्या हातासाठी असतात आणि डाव्या हातात तिरप्या जातात. तिला दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेली साधी सुरी घ्या.

आणि कापलंच तर? बारीक कापणं कधीतरी होईल, हे आधीच मनाशी धरून ठेवा. वाहत्या पाण्याखाली बोट धुवायचं, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हात छातीच्या वर ठेवायचा. दहा मिनिटं दाब सोडायचा नाही. मधे मधे कापड उचलून 'थांबलं का' बघत राहिलं तर थांबत नाही. जखमेत हळद, कॉफी पूड, टूथपेस्ट काहीही भरू नका. आपल्याकडे हळद चेपायची जुनी सवय आहे, पण टाके घालायची वेळ आली तर डॉक्टरांना ती सगळी आधी धुऊन काढावी लागते आणि तो त्रास मुलालाच होतो. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, बोटाचं टोक बधिर वाटत असेल किंवा बोट वाकवता येत नसेल, तर लगेच दवाखाना. धनुर्वाताच्या लशीचं कार्डही बघा. आपल्या लसीकरणात त्रिगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरची) सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना आता पंचगुणी लशीतून मिळते, मग तिचे वाढीव डोस सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच ते सहा वर्षांदरम्यान. म्हणजे तुमच्या मुलीचा पाच वर्षांनंतरचा डोस अजून बाकी असणार, तो चुकवू नका. आणि कापल्यावर रागावू नका. काय झालं ते तिला सांगू द्या. 'पूल पडला' असं मुलं स्वतःच सांगतात.

सासूबाईंची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका. पण 'आपोआप शिकेल' हे मला पटत नाही. न शिकवलेलं मूल दहाव्या-बाराव्या वर्षी घरी कुणी नसताना स्वतःच सुरी काढतं, मॅगीत घालायला कांदा चिरतं, आणि त्याच्या डाव्या हाताला कुणी काहीच सांगितलेलं नसतं. मुलांना खऱ्या साधनांनी खरं काम देणं हे काही आजचं खूळही नाही. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या 'नई तालीम' या शिक्षणयोजनेची मांडणी झाली ती हातांच्या कामातून शिक्षण या पायावरच. मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासला अड्यारला आल्या. त्यांच्या पद्धतीत झाडणं, पाणी ओतणं, भाजी-फळं चिरणं ही सगळ्यांत आधीची कामं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शिक्षणाची साधनं आजूबाजूच्या वस्तूंतूनच उभी केली. सासूबाईंना हे सांगून बघा, पण त्याहून उपयोगाचं म्हणजे त्यांनाच शेजारी बसवा. वर्षानुवर्षं भाजी चिरलेल्या बाईची नजर धरणाऱ्या हातावर आपोआप असते. शिवाय नात आजीसमोर जितकी सावकाश काम करते तितकी आईसमोर करत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

राहता राहिली विळी. ती या वयात नाही. विळीवर सगळं उलटं होतं : पातं स्थिर, धार आपल्याकडे, आणि दोन्ही हात भाजी घेऊन धारेवर जातात. म्हणजे कमान, पंजा, काहीच उपयोगाचं नाही, आणि 'दुसरा हात' असा उरतच नाही. शिवाय पाटावर गुडघ्याचा किंवा पायाचा दाब हवा, तो लहान मुलाच्या वजनाला जमत नाही आणि विळी कलंडते. सुरीवर हात नीट बसल्यावर, दहा-अकराच्या पुढे, आधी पालेभाजीची जुडी चिरायला द्या, कारण जुडी धरताना बोटं धारेपासून लांब राहतात. तोपर्यंत घडीची विळी असेल तर काम संपताक्षणी पातं मिटवायचं, नसेल तर भिंतीकडे धार करून उभी लावायची किंवा आडवी करून पात्यावर फडकं गुंडाळायचं. लपवू नका. कुठे आहे, का हात लावायचा नाही आणि कधी शिकवणार, हे तिन्ही तिला सांगा. दारावर बेल वाजली म्हणून उघडी विळी तशीच टाकून उठण्याची सवय मात्र घरातल्या प्रत्येकानं आजपासून सोडा.